हाकेची बारव

वामनदादा मंचेरियलला गेला आणि परत आला नाही, हे एका दमात सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. कोळशाच्या खाणीकडे कुण्या ठेकेदाराच्या हाताखाली काम मिळालं म्हणून गेला. एका पोळ्याला आला तेव्हा बायकोला लुगडं आणि मला पिवळी रबरी चप्पल घेऊन आला. त्याच्या कानांत कोळशाची भुकटी बसली होती, ती मायने कोमट पाण्याने धुऊन काढली. चार दिवस राहून तो पुन्हा गेला. पुढचा पोळा आला, त्याच्या पुढचाही आला, दादा काही आला नाही. शेवटी बाबा शोधायला गेले. बाबांना मराठी सोडून थोडी हिंदी येत होती, तीही कापसाच्या व्यापाऱ्याशी बोलण्यापुरती. मंचेरियलच्या स्टेशनावर, खाणावळीत, जिथे म्हणून विचारलं तिथे लोकांनी हात हलवून एकच शब्द सांगितला, "तेलियदू." माहीत नाही. बाबा घरी आले, पायरीवर बसले आणि मायने काही विचारायच्या आत तोच शब्द बोलले. पुढे कितीतरी वर्षं आमच्या घराला तेलुगूतला तेवढाच शब्द येत होता.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याच्या बाजूला, पैनगंगेच्या काठाशी. नदीपलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेव्हाचं आंध्र. कापूस तोच, ज्वारी तीच, आणि सोयरिकी दोन्हीकडे. दिवाळीनंतर घरात कापूस इतका भरायचा की ओसरीपासून माजघरापर्यंत पांढरा ढीग. आम्ही पोरी त्याच्यावरच झोपायचो आणि सकाळी केसांतून सरकी वेचून काढायचो. दादा होता तेव्हा जेवणं म्हणजे गोंधळ असायचा. तो बाबांची नक्कल करायचा, बाबा रागवायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे. तो गेल्यावर माय ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी मुकाट वाढायची, आम्ही मुकाट जेवायचो. बाहेर रस्त्यावरून एखाद्या बैलाच्या गळ्यातली घंटी वाजली की सगळ्यांचे घास हातात थांबायचे. घंटी पुढे गेली की परत सुरू. मी बारा-तेरा वर्षांची होते, मला या थांबण्याचा फार राग यायचा. आता वाटतं, राग येण्याइतकं तरी माझ्यात शिल्लक होतं, मायमध्ये तेही नव्हतं.

त्या घरात जीव होता तो गिरजावैनीमुळे. ती दादाची बायको, नदीपलीकडची, एकोणीस-वीस वर्षांची. दादाबरोबर तिचा संसार जेमतेम दीड वर्षाचा, त्यातही निम्मा वेळ तो खाणीकडे. तिचा आवाज मोठा होता. शेताच्या एका धुऱ्यावरून हाक मारली तर दुसऱ्या धुऱ्यावरचे बैल मान वर करायचे. माय म्हणायची, "हळू बोल वं, सुनेचा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ नाई." वैनी "हाव आत्याबाई" म्हणायची, तेही मोठ्यानेच. तिने मला ठेचा कुटायला शिकवला, वाती वळायला शिकवलं, माझ्या डोक्यातल्या उवा मारल्या, आणि मायच्या मारातून मला किती वेळा सोडवलं त्याला गणती नाही. फक्त नवऱ्याचं नाव तिने कधी तोंडातून काढलं नाही. आमच्याकडे बाईने नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं म्हणत. ती "तुमचे दादा" म्हणायची. मी मुद्दाम विचारायची, "वैनी, माझ्या दादाचं नाव काय वं?" की ती ओल्या हाताने माझ्या पाठीत धपाटा घालायची.

तिसऱ्या वर्षीच्या चैत्रात तिचा भाऊ तुळशीराम बैलगाडी घेऊन आला. गाडीत तट्ट्यावर नवीन सतरंजी अंथरलेली होती, ती बघूनच मायचा चेहरा उतरला. तुळशीराम सरळ माणूस. पाणी प्यायला आणि बाबांना म्हणाला, "मामा, पोरगी किती दिवस बसून राहील? आमच्या गावातला गणपत हाय, बायको मेली त्याची, एक बारकी पोरगी हाय. पाट लावाले तयार हाय. माणूस बरा हाय, पेत नाई, मारत नाई."

पाट म्हणजे बाईचं दुसरं लग्न. आमच्या समाजात त्याची चाल होती; वाजंत्री नाही, वरात नाही, दिवेलागणीला चार माणसांत उरकायचं. लोक नाक मुरडत, पण बाईचं आयुष्य मार्गी लागायचं. बाबांनी मला पंचांना बोलवायला धाडलं. गावचे पंच दाजीबा बोलले. "जित्या नवऱ्याच्या बायकोचा पाट लागत नाई. वामनच्या हातची फारकत आणा, म्हणजे ती मोकळी. नाईतं तो जगात नाई असं ठरवा. दोन्ही नाई तं कसं?" फारकत आणायची कुठून, आणि तो नाही हे ठरवायचं कोणी? तेव्हा दाजीबा म्हणाले, "बारवेवर जा. हाक टाका."

ती बारव आमच्या गावापासून दोनेक कोसांवर, सागवानाच्या जंगलाच्या कडेला. काळ्या दगडाची, चौकोनी, चारी बाजूंनी खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या आणि कोनाड्यात नाक झिजलेली एक देवी. ती कोणी बांधली ते कोणाला माहीत नव्हतं, म्हणजे अर्थातच पांडवांनी एका रात्रीत बांधली होती. आमच्या भागात ज्याचा बांधणारा सापडत नाही ते सगळं पांडवांच्या नावावर आहे. बिचाऱ्यांना वनवासात दुसरं कामच नव्हतं. एरवी तिचं पाणी तीर्थ म्हणून आणत, तान्ह्या पोरांच्या डोळ्यांना लावत. पण घरचं माणूस हरवलं, पत्ता लागेना, तर त्याची बायको, बायको नसेल तर आई, शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय बुडवून उभी राहायची आणि त्याच्या नावाने तीन हाका टाकायची. हाक परत आली तर माणूस जिवंत आहे. नाही आली तर घरी जाऊन बांगड्या फोडायच्या आणि दहावं करून मोकळं व्हायचं. जाताना रोडग्यांचं पीठ, वांगी आणि गोवऱ्या बरोबर न्यायच्या. हाक आली तर तिथेच चूल पेटवून देवीला रोडगे करायचे, नाही आली तर पीठ तसंच बांधलेलं परत आणायचं. बारवेने सांगितलं की पंच बोलत नसत आणि पंच बोलले नाहीत की कोणीच बोलत नसे.

वैशाखात, शेतं रिकामी झाल्यावर, एका पहाटे आम्ही निघालो. दाजीबा, माय, वैनी, सतरंजीची गाडी घेऊन पुन्हा आलेला तुळशीराम आणि मी. बाबा आले नाहीत, म्हणाले बैलाला बरं नाही. बैल चांगला कडबा खात उभा होता. वैनीच्या डोक्यावर गोवऱ्यांची टोपली, मायच्या काखेत पीठ, माझ्याकडे वांगी. कापसाच्या, उपटायच्या राहिलेल्या वाळक्या पऱ्हाटीतून वाट जात होती, ती लुगड्यांना धरून ओढायची. जंगलाशी तेंदूची पानं तोडणाऱ्या बाया भेटल्या. त्यांतल्या एकीने विचारलं, "कुठं निंगाल्या वं?" माय म्हणाली, "बारवेवर." तशी ती बाई आपलं गाठोडं उचलून वाटेतून बाजूला झाली. माझ्यापुरतं सांगायचं तर मला हाक यायला हवी होती. दादा यावा म्हणून, आणि खरं म्हणजे वैनी जाऊ नये म्हणून. मायला तर दुसरं काही सुचतच नव्हतं, ती वाटभर देवीला काही ना काही कबूल करत होती. तुळशीरामला बहिणीची सुटका हवी होती आणि त्यासाठी बारवेने गप्प राहायला हवं होतं. तोही वाईट माणूस नव्हता.

वैनी माझ्या बाजूने चालत होती. वाटेत चारोळीच्या एका झाडाची पिकली चारं तिने माझ्या ओंजळीत टाकली आणि हळू म्हणाली, "इंदे, त्या गणपतची पोरगी मी पाह्यली हाय. मागं जत्रेत माझ्या पदराले धरून उभी राह्यली होती. सोडेच ना." असं म्हणून ती हसली. मी चारं खात होते. मी म्हटलं, "मंग?" ती म्हणाली, "मंग काई नाई. चाल." तिला काय हवं होतं ते तिने त्या सगळ्या वर्षांत एवढंच सांगितलं, आणि तेही बारा वर्षांच्या पोरीला.

बारवेत पाणी पार तळाला गेलं होतं. वरून बघितलं तर हिरवट, ताटाएवढं दिसायचं. आम्ही खाली उतरत गेलो तसा उन्हाचा चटका कमी झाला आणि आमच्याच पावलांचा आवाज भिंतींवरून अंगावर यायला लागला. दाजीबा आणि तुळशीराम वर काठावर थांबले. वैनीने पाण्यात पाय टाकले. माय तिच्या मागच्या पायरीवर, मी मायच्या मागे.

पहिल्यांदा तिचे नुसते ओठ हलले. "आयकू नाई आलं," दाजीबा वरून ओरडले, आणि त्यांचं ओरडणं घुमत खाली आलं. "ते मोजतो मी. एक झाली." दुसऱ्यांदा तिने नाव घेतलं, पण शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं तसं. तिच्या तोंडून दादाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं आणि मलाच लाजल्यासारखं झालं. कपारीतली दोन कबुतरं उडाली, बाकी काही नाही. "दोन," दाजीबा म्हणाले. वर तुळशीरामने डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं, मेलेल्याच्या दारात काढतात तसं.

तेव्हा मायने जे केलं ते मी त्याआधी किंवा त्यानंतर कोणत्या सासूला करताना पाहिलेलं नाही. ती पायरी उतरली, लुगड्यासकट पाण्यात बसली आणि सुनेचे पाय दोन्ही हातांनी धरले. "गिरजे, मोठ्यानं मार वं. माह्या पोराले असं नको मारू. तुह्या पाया पडते मी, मोठ्यानं मार." वैनी पाय सोडवायला बघत होती, "आत्याबाई, असं नका करू, पाप लागते मले," म्हणत होती, आणि माय सोडत नव्हती. मग वैनीने डोळे मिटले, मान वर केली आणि शेतात मारायची तशी, पूर्ण छातीने हाक मारली. "वामन!"

आणि नाव परत आलं. चारही भिंतींतून, वरून, खालून, एकदा नाही, दोन-तीनदा आलं. माय पाण्यात बसल्या बसल्या रडायला लागली. मी टाळ्या वाजवल्या. वर दाजीबांनी आभाळाकडे हात जोडले आणि म्हणाले, "जिता हाय. चूल पेटवा."

वैनी तशीच उभी होती. वर आल्यावर ती दाजीबांसमोर गेली आणि पदर नीट घेऊन म्हणाली, "दाजीबा, आवाज तं माझाच होता." सुनेने पंचासमोर तोंड उघडणं हेच नवल. दाजीबा रागावले नाहीत, लहान मुलाला समजावतात तसं म्हणाले, "अवं पोरी, बारवेले सोताचं तोंड कुठं हाय? जो हाक टाकते त्याच्याच आवाजानं ते बोलते." मी पुढे आयुष्यभर शाळेत शिकवलं, शिकल्यासवरल्यांचे वाद ऐकले, पण असं कुठूनच शिरता येणार नाही असं उत्तर मी दुसरं ऐकलं नाही. तुळशीराम रोडगे खायला थांबला नाही. बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गावाकडे चालू लागला. आम्ही पोचलो तोवर सतरंजीची गाडी नदीपलीकडे गेलेली होती. गोवऱ्यांवर रोडगे वैनीनेच भाजले. सून तीच होती, दुसरं कोण भाजणार? ती निखाऱ्यांतून रोडगे उलटत होती, राख झटकून ताटात टाकत होती आणि माय त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवत होती. मीही जेवले. वांग्याची भाजी फार छान झाली होती.

त्यानंतर घर बदललं. माय रोज दादाचं ताट वाढायला लागली आणि संध्याकाळी ते वैनीने खायचं. घंटी वाजली की आता घास थांबत नसत, माय उठून दारातच जायची. कोणी काही बोललं की माय म्हणायची, "माहा वामन जिता हाय, बारवेनं सांगितलं." बाबा त्या आशेत कधीच सामील झाले नाहीत, पण ती मोडायची हिंमतही त्यांना झाली नाही. वैनीचा आवाज हळूहळू मायला हवा होता तेवढा झाला. तिला आता कोणी हळू बोल म्हणून सांगत नव्हतं. मी आदिलाबादला शिकायला गेले, तिथेच नोकरी लागली, लग्न झालं. सुट्टीत गावी आले की वैनीच्या केसांत पांढरं वाढलेलं दिसायचं आणि कपाळावर कुंकू ठसठशीत.

शाळेची पोरं घेऊन मी एकदा भर श्रावणात त्या बारवेवर गेले. पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत आलेलं. पोरांनी आपापल्या नावाने खूप आरडाओरडा केला. एकही नाव परत आलं नाही. मी पायरीवर बसूनच राहिले. बारव रिकामी असली की हाक फिरून येते, भरली की येत नाही, इतकी साधी गोष्ट. आणि आमची माणसं हाक टाकायला जायची ती वैशाखात, कारण त्याच महिन्यात शेतकऱ्याला दोन कोस चालायला सवड असते. त्या बारवेने आजवर कुणालाच मेलेला म्हटलं नसेल. आमच्या मुलखात किती घरांत किती बाया अशा जित्या नवऱ्यांची वाट बघत म्हाताऱ्या झाल्या असतील, हा विचार मला त्या दिवशी सहन होईना. अजूनही होत नाही.

तशीच गावाला गेले. वैनी अंगणात तूर पाखडत होती. मी सगळं सांगितलं, सांगताना मला रडू आलं. ती सुपातले खडे वेचत म्हणाली, "मले माहीत हाय, बाई. गवत कापाले गेली होती तिकडं, पावसाळ्यातच. एकटी होती. मारली हाक. नाई आली."

"कधी?"

"तेच साल."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं ना. आत्याबाईले सांगितलं. त्या म्हणे, हाक एकदाच टाकाची असते, दुसऱ्यांदा बारव बोलत नाई." तिने सूप झटकलं. "तुले खोटं नाई सांगत. तवा मी तुळशीरामले निरोप धाडणार होती. पण गणपतनं आखाडीच्या आतच दुसरी करून घेतली. त्याले तरी किती थांबवाचं? पोरगी लहान होती." मग तिने विचारलं, "च्या पेशीन?" मी नको म्हटलं तरी तिने केला.

बाबा गेले, मग माय गेली. माय जाताना वैनीला सांगून गेली, तो आला की त्याले गरम जेवू घाल. वैनीने हो म्हटलं. पुढची वर्षं ती माझ्या चुलतभावाच्या घरात राहिली, कापूस वेचायला जात राहिली, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी तिला आदिलाबादला माझ्याकडे ये म्हणून किती विनवलं. "घर सोडून कशी येऊ, कोणी आलं तं?" म्हणायची, आणि मला कधी कळलं नाही की ती खरंच तसं समजत होती की इतक्या वर्षांनी तिच्याजवळ सांगायला दुसरं कारणच उरलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. दोन दिवस ताप आला आणि गेली. निरोप आला तशी मी सकाळच्या बसने गावी पोचले. अंगणात बायांचा वाद चालला होता, हिला नेसवायचं काय? दाजीबांच्या घरच्या एका म्हाताऱ्या बाईने तो मिटवला. नवरा मेल्याचं कोणी सांगितलं का? नाही. बारवेने काय सांगितलं होतं? जिता हाय. मग प्रश्नच कुठला? वैनीला हिरवं लुगडं नेसवलं, हातभर हिरव्या बांगड्या भरल्या, केसांत फुलं माळली, खणानारळाने ओटी भरली आणि कपाळभर कुंकू लावलं. अहेव मरण आमच्याकडे मोठं पुण्याचं. नवऱ्याच्या आधी जाणाऱ्या बाईच्या कपाळाचं कुंकू घेऊन बाया आपल्या कपाळाला लावतात. रांग लागली. मी तिच्या पायाशी बसले होते. चुलतभावाची सून आली, चांगली पोरगी आहे, माझा दंड धरून हळूच म्हणाली, "आत्या, तुमी जराशा तिकडं बसता का?" माझे यजमान जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांनी माझ्याबरोबर उभं आयुष्य काढलं, भांडले, आजारी पडले, माझ्या हातचा शेवटचा घोट पिऊन गेले. अशा सवाष्णीपाशी विधवेने बसू नये. मी उठले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. वैनीला बाहेर काढलं तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बाया दोन्ही बाजूंना उभ्या होत्या आणि पदर पसरून देवाजवळ तिच्यासारखं नशीब मागत होत्या.